ओल्या रंगाचं मतदान

घराचा नंबर टाकायचा तो दारासमोर उभं राहिलं की उजव्या हाताला, चौकटीच्या बाहेर, डोळ्यांच्या उंचीवर. काळी पट्टी आणि तिच्यावर पांढरे आकडे. आमच्या म्युनिसिपालिटीचा तसा नियमच होता. घरपट्टीच्या कारकुनाला गल्लीतून चालता चालता नंबर वाचता यावेत, त्याच्या मानेला त्रास पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. मी नोकरीत होतो तोवर गावातल्या प्रत्येक घराचा नंबर माझ्या हातचा होता आणि एक घर सोडलं तर सगळे उजवीकडे होते. त्या एका घराचा डावीकडे. नव्यानं आलेल्या इन्स्पेक्टरांनी त्याबद्दल मला विचारलं, तेव्हा उजवीकडच्या भिंतीला ओल आहे असं मी ठोकून दिलं. खरं कारण आता सांगायला हरकत नाही, पण त्यासाठी निवडणुकीपासून सुरुवात करावी लागेल.

गावाचं नाव मी लिहीत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधलं, कापसाच्या बाजाराचं, बरो म्युनिसिपालिटी असलेलं गाव, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत. तरी ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. आपल्या आजोबांची थोडी गंमत केली म्हणून कोणी माझ्या दारात येऊन भांडू नये, एवढीच विनंती.

मी म्युनिसिपालिटीचा पेंटर होतो. पेंटर म्हटलं की लोकांना देवदेवतांची चित्रं काढणारा माणूस वाटतो. मी दिव्यांचे खांब रंगवले, टांग्यांचे नंबर टाकले, गल्ल्यांच्या पाट्या लिहिल्या. ‘येथे घाण करू नये’ ही पाटी तर मी इतक्या ठिकाणी लिहिली की झोपेतही लिहीन. तिचा उपयोग झालेला मात्र मी कुठेच पाहिला नाही. आणि दर काही वर्षांनी निवडणूक आली की मतांच्या पेट्या रंगवायच्या. या कामाचा मला फार अभिमान होता, कारण त्या दिवशी चीफ ऑफिसरसाहेबांपासून हमालापर्यंत सगळ्यांचं लक्ष माझ्या रंगाकडे असे.

पेट्यांना रंग कशाला, असं हल्लीची मुलं विचारतात. माझ्या आधीच्या काळी मतदार टेबलापुढे उभा राहायचा आणि आपल्या उमेदवाराचं नाव तोंडानं सांगायचा, असं जुने शिपाई सांगत. कारकून लिहून घ्यायचा आणि उमेदवार तिथंच खुर्चीवर बसून ऐकायचा. आपला सावकार समोर बसला असताना दुसऱ्याचं नाव घ्यायला कोणाची जीभ रेटणार? मग पुढे चिठ्ठ्या आल्या, पण लिहिता-वाचता येणारे थोडे. म्हणून प्रत्येक उमेदवाराला एक रंग आणि त्या रंगाची एक पेटी अशी तोड निघाली. पडद्याआड बाकावर पेट्या मांडायच्या, मतदारानं शिक्का मारलेली चिठ्ठी घेऊन आत जायचं आणि हव्या त्या रंगाच्या पेटीत टाकून यायचं. बाहेर कोणाला काही कळायचं कारण नाही. मत मात्र सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर घरपट्टी असेल किंवा बऱ्यापैकी भाड्याचं घर असेल, त्यालाच. पेट्या रंगवणाऱ्या माझं खोपटं त्या नियमात कुठेच बसत नव्हतं.

रंगांवरून काय काय रामायण व्हायचं ते लिहिलं तर एक अंक पुरणार नाही. पांढरा कोणालाच नको, काळ्याचं तर नाव काढायचं नाही. एकदा एका उमेदवारानं पिवळा मिळाला म्हणून वॉर्डात घरोघर हळदीच्या पुड्या वाटल्या. त्याच्यासमोरच्याला निळा मिळाला होता. तो दोन दिवस हिरमुसून बसला आणि तिसऱ्या दिवशी कपड्यांना द्यायची नीळ वाटत सुटला. त्या महिन्यात आमच्या गावची धोतरं जेवढी निळसर झाली तेवढी पुन्हा कधी झाली नाहीत. मोजणीला पेट्या उघडल्या की चिठ्ठ्यांबरोबर आत सुपारी, अक्षता, बेलाची पानं निघायची. एकदा तर तुंबलेल्या गटारीबद्दलचा सविस्तर अर्ज निघाला. चीफ ऑफिसरांनी तो जपून आरोग्य खात्याकडे पाठवला. गटार पुढच्या निवडणुकीपर्यंत तशीच होती हा भाग वेगळा.

आता त्या एका निवडणुकीकडे येतो. युद्धाच्या आधीची गोष्ट. स्टेशनाकडच्या वॉर्डात एका जागेसाठी तिघं उभे होते. एक माणकशेठ, जीनचे मालक. जीन म्हणजे कपाशीतली सरकी काढायचा कारखाना. अर्धा वॉर्ड त्यांच्याकडेच कामाला. दुसरे नाना मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि तोंडानं फटकळ. तिसरे टांगेवाले उखाभाऊ. त्यांना निवडून यायचं नव्हतं, फक्त उभं राहायचं होतं.

या वॉर्डाच्या टोकाला खळवाडी नावाची गल्ली होती. नळाचा पाइप शेठच्या जीनच्या फाटकापर्यंत येऊन थांबला होता, खळवाडीपर्यंत गेलाच नव्हता. तिथल्या बाया नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणायच्या आणि वाटीवाटीनं पाणी भरायच्या. शेठ आधीही सभासद होते, पण त्यांना हा पाइप काही दिसला नव्हता. नाना मास्तरांनी उघड सांगितलं होतं की निवडून आलो तर पहिला नळ खळवाडीला. म्हणजे खळवाडीला नळ हवा तर मत मास्तरांना द्यायचं, आणि पोट तर शेठच्या जीनवर.

भांडण नेहमीप्रमाणे रंगावरून झालं. लाल शेठना हवा, लाल उखाभाऊंनाही हवा. तक्रार जळगावला कलेक्टर कचेरीत गेली आणि तिथून ‘चिठ्ठ्या टाकून ठरवा’ हा शहाणपणाचा हुकूम मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी येऊन पोचला. शेठना लाल निघाला, मास्तरांना निळा, उखाभाऊंना पिवळा. मी पेट्यांना अस्तर मारून वाट पाहत बसलो होतो. पौषाचे दिवस, आभाळ भरलेलं, हवा गार. तेलाचा रंग आहे, बेलतेलात, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलात कालवलेला. त्याला ऊन लागतं, वारा लागतो, आणि तरी तो आपल्या मर्जीनं वाळतो. चीफ ऑफिसरांना मी म्हटलं, “साहेब, हा उद्यापर्यंत वाळायचा नाही.”

“मग लवकर वाळेल असा लाव,” साहेब म्हणाले.

साहेबांच्या हुकमानं रंग वाळत असते तर मला आयुष्यभर काम सोपं गेलं असतं. टर्पेंटाइन घातलं, हात पातळ मारला, पेट्यांजवळ शेगडी ठेवली. सकाळी बोट लावून पाहिलं तर तिन्ही पेट्या चिकट.

मतदान म्युनिसिपल शाळेत होतं. मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून मतदानाचे अधिकारी म्हणून आले होते. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. वर्गाच्या कोपऱ्यात पडदा, पडद्याआड बाकावर पेट्या. मी दाराशी, पेटी कलंडली वगैरे तर हाताशी असावा म्हणून. फाटकाबाहेर मीच चुन्याची रेघ मारली होती. उमेदवारांच्या माणसांनी तिच्या अलीकडे यायचं नाही. त्या रेघेवर शेठचा मुकादम सुपडू पानांची तबकडी घेऊन उभा होता. मत देऊन येणाऱ्या प्रत्येकाला हसून पान द्यायचं, असं त्याचं काम. मला ते आधी कौतुकाचं वाटलं.

पहिल्यांदा आत गेला तो झिपरू, जीनमधला हमाल, खळवाडीतच राहणारा. बाहेर आला, सुपडूनं पान पुढे केलं, झिपरूनं हात पसरला. त्याच्या दोन बोटांची टोकं निळी होती. पेटीच्या फटीत चिठ्ठी ढकलताना लागलेला माझा रंग.

सुपडूनं पान तबकडीत परत ठेवलं. “वा रे झिपरू, निळं कुंकू लावं का? उद्यापाईन जीनमां येऊ नको.”

झिपरू आपल्या बोटांकडे पाहतच राहिला. पान कशासाठी होतं ते तेव्हा मला कळलं. पान घ्यायला माणूस हात पसरतोच.

बातमी रांगेतून शेवटपर्यंत गेली. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. दोघं-तिघं रांग सोडून मुकाट्यानं निघाले. मी धावत रावसाहेबांकडे गेलो आणि सांगितलं की रंग ओला आहे, बोटं रंगताहेत, कोणी कोणाला मत दिलं ते बाहेर दिसतंय. रावसाहेब सज्जन माणूस. त्यांच्या कपाळाला घाम फुटला. म्हणाले, “मतदान थांबवायचा अधिकार मला नाही, त्याला जळगावचा हुकूम लागतो. आणि थांबवलं तर कोणामुळे थांबवलं ते लिहावं लागेल.” एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय समजायचं ते समजलो. नोकरी गेली, असंच मी धरून चाललो.

मग मला सुचलं की रॉकेलनं रंग निघतो. रॉकेलात भिजवलेला बोळा दाराशी ठेवला आणि येईल त्याला हात पुसायला लावला. पुढचा माणूस पुसून बाहेर गेला. सुपडूनं त्याचा हात नाकाशी नेला.

“हात का बरं पुसा? शेठना लाल रंग कोनी पुसस का?”

संपलं. पुसलं तरी फसला आणि न पुसलं तरी फसला. रांग आणखी मोडली.

रांगेत गिरजाअक्का उभी होती. खळवाडीतली विधवा, सगळी हयात शेठच्या जीनमध्ये रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कपाशी घालण्यात गेलेली. नवऱ्याच्या मागं घर तिच्या नावावर झालं होतं, म्हणून तिला मत होतं. तिचा मुलगा शांताराम जीनच्याच बॉयलरवर. म्हणजे अक्काचं बोट चुकीच्या रंगाचं निघालं तर घरातल्या दोन्ही चुली विझल्यासारख्याच. शांताराम रेघेबाहेरून हाका मारत होता.

“माय, घर चाल. नको आपले मत.”

“थांब रे,” अक्का म्हणाली. “मी काय चोरी करी राहिनू?”

तिनं चिठ्ठी घेतली, पदर सारखा केला आणि पडद्याआड गेली. गेली ती येईना. रावसाहेबांनी खोकून विचारलं, “बाई, झालं का?”

“व्हई राहिनं, सायेब,” आतून आवाज आला. “देव तीन शेतस ना.”

तीन देव आहेत, ते कोणते हे आम्हा दोघांनाही कळेना. थोड्या वेळानं अक्का बाहेर आली. तिच्या कपाळावर लाल-पिवळ्या रंगाचा फराटा होता. बोळ्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. ताठ चालत फाटकाबाहेर गेली आणि सुपडूनं पान काढायच्या आधीच त्याच्यापुढे उजवा हात पसरला. तळहात लाल, निळा, पिवळा, तिन्ही रंगांनी माखलेला.

सुपडूनं तो हात सुलटा पाहिला, उलटा पाहिला. “अक्का, हाई काय?”

“काय म्हंजे? मंदिरमां गऊ तं एकच देवले हात जोडू का? बाकीनासले राग नही येस? बठ्ठासले हात लावा, कपाळले लावा, मंग चिठ्ठी टाकी.”

“पन टाकी कोनामां?”

“नवस काय बोंबलीसन करतस का रे, सुपडू? आन ते पान.”

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी रांगच हसली. मी खोटं कशाला लिहू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढची बाई आत गेली ती तिन्ही रंग घेऊन बाहेर आली. तिच्या मागचा हमालही तसाच. निघून गेलेले परत येऊन रांगेला लागले. रावसाहेबांनी टाक खाली ठेवला, चष्मा पुसला आणि कोणाकडेही न पाहता मोठ्यानं म्हणाले, “पेट्यांना नमस्कार करायला कायद्यात कुठंही मनाई नाही.” एका सरकारी माणसानं यापेक्षा जास्त बोलायचं म्हटलं तरी काय बोलावं?

दुपारी माणकशेठ स्वतः मत द्यायला आले. पांढराशुभ्र कोट, लाल पगडी. पडद्याआडून येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर रंग पाहून, सगळे पेट्यांना नमस्कार करताहेत हे त्यांना कळलं. शेठ देवभोळे होते आणि चारचौघांत देवाला न नमणारे म्हणून त्यांना उठून दिसायचं नव्हतं. तेही तिन्ही रंग लावून बाहेर आले आणि निघता निघता सवयीनं कोटाची बटणं चाचपली. कोटावर होळी झाली. सुपडू इतका गोंधळला होता की त्यानं मालकाच्या हातावरही पान ठेवलं आणि हात निरखून पाहिला. शेठ आधी रागावले, मग आपल्या कोटाकडे पाहून त्यांनाच हसू आवरेना. माणूस तसा वाईट नव्हता. अशा माणसांभोवती जे सुपडू असतात ते जास्त जाचतात.

मोजणीच्या वेळी चिठ्ठ्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या सोडवायला मलाच बसवलं. शेठ निवडून आले, पण काठावर. मास्तरांचं आणि त्यांचं अंतर इतकं थोडं की शेठच्या चेहऱ्यावरचं हसू मोजणी संपेपर्यंत काही ठरेना. आपल्या जीनमधल्या माणसांनी आपल्याला पाडायचा भरपूर प्रयत्न केला हे त्यांना समजलं. कोणी केला हे मात्र कोणत्याही हातावरून समजेना. सगळेच हात सारखे.

त्यानंतर शेठ बदलले. आधी रस्त्यानं जाताना समोर पाहून जायचे. आता दिसेल त्याला आपणहून राम राम करू लागले. कोण आपला आणि कोण मास्तरांचा हे ठाऊक नसलं की सगळ्यांशीच नीट वागावं लागतं. खळवाडीचा नळ त्यांनी पुढच्याच वर्षी मंजूर करून आणला. मास्तर निवडून आले असते तर कदाचित सभागृहात भांडत बसले असते आणि पाइप फाटकाशीच राहिला असता, असं मास्तरच नंतर हसत सांगायचे. नळाचा खांब मी हिरवा रंगवला, आणि ऊन पाहून रंगवला.

एकच गोष्ट मनाला अजून लागते, ती झिपरूची. त्याला परत घ्या म्हणून रावसाहेब बोलले, मास्तर बोलले. सुपडूनं दाद दिली नाही, आणि शेठपर्यंत ती गोष्ट नीट पोचलीच नाही. तो बायकामुलं घेऊन धुळ्याला गेला, गिरणीत लागला. पुढे रंग आणायला मी धुळ्याला गेलो असताना बाजारात भेटला. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही त्यानं. मी म्हटलं, “झिपरूभाऊ, रंग माझा होता.” तो म्हणाला, “तुना काय दोष, पेंटरभाऊ? मी पयला गऊ, हाऊच मना गुन्हा.” त्याच्या मागच्या प्रत्येकाला अक्का भेटली. त्याला कोणी भेटलं नव्हतं.

माझी नोकरी राहिली. रावसाहेबांच्या अहवालात ओल्या रंगाचा शब्दसुद्धा नव्हता. मतदान शांततेत आणि भाविकपणे पार पडलं, असं त्यांनी लिहिलं होतं म्हणे.

त्या उन्हाळ्यात घरांचे नंबर नव्यानं टाकायचे निघाले. खळवाडीत गिरजाअक्काच्या दाराशी आलो. पट्टीसाठी ब्रश उचलला आणि थांबलो. दाराच्या उजव्या हाताला, डोळ्यांच्या उंचीवर, नेमकी नंबराची जागा असते तिथं एक पंजा उमटलेला होता. लाल, निळा, पिवळा. मतदानाच्या दिवशी घरी येऊन, आत शिरण्याआधी, तिनं हात भिंतीवर टेकला होता. शुभकार्याला आपल्या बाया हळदीकुंकवाचे हात उमटवतात तसा.

अक्का दारात आली. “पेंटरभाऊ, नंबर तठे नको टाकू.”

“नियम आहे, अक्का.”

“तुनाच रंग शे तो. तूच पुसशी का?”

मी डावीकडे गेलो आणि तिथं पट्टी मारली. आकडे काढता काढता मनात राहिलेलं विचारून घेतलं. म्हटलं, “अक्का, आता तर सगळं झालं. चिठ्ठी कोणत्या पेटीत टाकली होती?”

ती आत जाऊन तांब्या घेऊन आली. नळ अजून यायचा होता, पाणी नदीचंच होतं. “पानी पे,” ती म्हणाली, “आनि तुनं काम कर.”

पुढे सगळ्यांना मत मिळालं, मलाही. माझ्या पहिल्या मतदानाला पेट्या कोरड्या ठणठणीत होत्या. तरी चिठ्ठी टाकण्याआधी मी सगळ्यांना हात लावला आणि तोच हात कपाळाला लावत पडद्याबाहेर आलो. मागच्या माणसाला वाटलं असेल, माणूस भाविक दिसतोय. त्या दिवशी मी जिचे आभार मानले ती कोणत्याच पेटीत नव्हती. पाणी भरायला झिऱ्यावर बसणाऱ्या एका बाईनं माझी नोकरी, कित्येकांची चूल आणि एका गल्लीचं धाडस हातावर तोलून धरलं होतं. त्या बाईचा मी जन्माचा ऋणी आहे.

निवृत्त व्हायच्या वर्षी मी शेवटचे नंबर टाकत खळवाडीत गेलो, तेव्हा अक्का राहिली नव्हती. शांतारामनं घराला चुना दिला होता, पण तेवढी जागा सोडून. पंजा फिका पडला होता, काठ उडाले होते. माझ्या डब्यांत लाल होता, निळा होता, पिवळाही होता. मनात आलं, जाता जाता एवढा उजळून जावं. सर्वात बारीक ब्रश काढला आणि भिंतीजवळ गेलो. पण रंग इतके एकमेकांत मुरले होते की कोणत्या बोटाला कोणता होता ते काही केल्या ओळखू येईना.

मी ब्रश पुसला, डावीकडे गेलो आणि नंबर टाकला.